सोयाबीनच्या रानातील तण: पहिल्या पंचेचाळीस दिवसांचा इतिहास

महाराष्ट्रातील सोयाबीनचा इतिहास आजवर बहुधा बाजारभाव, तेलगिरण्या आणि वाढत गेलेले लागवडीचे क्षेत्र यांच्या अंगाने मांडला गेला आहे. परंतु पेरणीपासून पीक रान झाकेपर्यंतच्या काळात त्या शेतात जे काही घडते, त्याचा इतिहास मात्र तुकड्या-तुकड्यांनी, कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत, मजुरीच्या दरांत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात विखुरलेला राहिला आहे. पेरलेल्या पिकाच्या रानात शेतकऱ्याला नको असताना उगवणारी वनस्पती म्हणजे तण, अशी तणाची साधी व्याख्या केली जाते, आणि या व्याख्येतच हे सूचित होते की तण ही केवळ वनस्पतिशास्त्राची बाब नसून शेतीची पद्धत, पिकाची निवड आणि माणसांचे श्रम यांच्याशी बांधलेली बाब आहे. सोयाबीनच्या बाबतीत हे नाते विशेष घट्ट आहे, कारण हे पीक सुरुवातीच्या दीड महिन्यात दुबळे असते आणि त्या दीड महिन्याची राखण कोणी, कशाने आणि कोणाच्या खर्चाने केली, यावर त्याचे उत्पन्न ठरत आले आहे. या राखणीची साधने बैलाच्या डवऱ्यापासून तणनाशकाच्या पंपापर्यंत बदलत गेली, आणि ज्या खतासाठी पीक व तण एकाच मातीत झगडतात, त्या खताचा एक मोठा स्रोत आज सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबैल आणि त्याच्या उत्तरेकडील रास अल-खैर येथे आहे. म्हणून काळ्या रानातील या स्पर्धेचा मागोवा घेताना तिचे एक टोक त्या किनाऱ्यापर्यंतही न्यावे लागते.

स्पर्धेचे स्वरूप

पीक आणि तण यांच्यातील स्पर्धा प्रकाश, पाणी, अन्नद्रव्ये आणि जागा या चार गोष्टींसाठी चालते, हे शेतीशास्त्रातील जुने विधान आहे. मात्र सोयाबीनमध्ये या चौघांपैकी प्रकाशाचा वाटा अनेकदा निर्णायक ठरतो. सोयाबीन उगवल्यावर पहिले तीन-चार आठवडे त्याची वाढ मंद असते, दोन ओळींतील सुमारे ४५ सेंटिमीटरची जागा उघडी राहते, आणि जूनच्या पहिल्या पावसाने जमिनीतील तणांचे बी पिकाबरोबरच, कधी पिकाच्या आधी, उगवून आलेले असते. त्यातही चिमणचारा, हरळी, लव्हाळा यांसारख्या अनेक तणांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उष्ण हवेत आणि प्रखर उन्हात अधिक कार्यक्षम असते, तर सोयाबीन त्या गटातले नसल्याने उघाडीच्या तापलेल्या दिवसांत ही तणे त्याच्यापुढे निघून जातात. याशिवाय वनस्पती आपल्या शेजाऱ्याची चाहूल सावली पडण्याच्या आधीच घेतात, असे आधुनिक संशोधनाने दाखविले आहे: हिरवी पाने सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतात आणि त्यापलीकडचा दूरतांबडा प्रकाश परतवतात, त्यामुळे शेजारी तण वाढले की या दोन प्रकाशांचे प्रमाण बदलते, आणि तो बदल ओळखून सोयाबीनचे रोप फांद्या फोडण्याऐवजी उंच आणि बारीक होऊ लागते. अशा रोपाला नंतर रान स्वच्छ करून दिले, तरी त्याच्या घडणीत झालेला बदल पूर्णपणे भरून येत नाही.

याच निरीक्षणातून तणस्पर्धेचा 'निर्णायक काळ' ही संकल्पना पुढे आली, जिचा आरंभ बहुधा मेक्सिकोत मका आणि घेवडा या पिकांवर झालेल्या आणि १९६८ मध्ये नीएतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामापासून मोजला जातो. निर्णायक काळ म्हणजे पिकाच्या आयुष्यातील असा कालखंड, ज्याच्या आधी आलेले तण वेळेवर काढले तर फारसे नुकसान होत नाही, ज्याच्या नंतर उगवलेले तण पिकाच्या सावलीतच दबते, पण ज्याच्या दरम्यान रानात राहिलेले तण उत्पन्न कायमचे घटवते. भारतातील सोयाबीनसाठी हा काळ साधारणपणे पेरणीनंतरच्या १५ ते ४५ दिवसांचा मानला जातो, आणि महाराष्ट्रातील बहुतेक वाण ९० ते ११० दिवसांत तयार होत असल्याने पिकाच्या एकूण आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका कसोटीत जातो. दुसरी महत्त्वाची गोष्ट रॉजर कझन्स यांनी १९८५ मध्ये गणिती रूपात मांडली: तणांची संख्या आणि उत्पन्नातील घट यांचे नाते सरळ रेषेचे नसते, तर रानातील पहिली थोडी तणे प्रत्येकी सर्वाधिक नुकसान करतात आणि तण दाट होत गेले की प्रत्येक नव्या रोपामुळे होणारी भर कमी होत जाते, कारण मग तणे आपापसांतही झगडू लागतात. या सिद्धांताचा व्यवहारातील अर्थ असा की, 'थोडेच तण आहे, राहू द्या' ही समजूत सर्वांत महागात पडते.

नुकसानीचा आकडा किती, याविषयी भारतात सर्वाधिक उद्धृत होणारे अलीकडचे काम जबलपूर येथील तणसंशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले असून, त्यात २००३ ते २०१४ या काळात १८ राज्यांत शेतकऱ्यांच्या रानांत घेतलेल्या १,५८१ चाचण्यांची माहिती एकत्र केली आहे. त्यानुसार सोयाबीनमधील तणांमुळे होणारी घट सरासरी ३१.४ टक्के होती, आणि पैशाच्या हिशेबात पाहिल्यास भात व गहू यांच्यानंतर सर्वांत मोठे नुकसान सोयाबीनचेच होते. येथे लक्षात ठेवण्यासारखे हे की ही सरासरी शेतकरी आपापल्या परीने तण काढत असलेल्या रानांची आहे. तण अजिबात न काढलेल्या प्रयोगक्षेत्रांत घट याहून पुष्कळ अधिक नोंदली गेली आहे. ज्या देशात सोयाबीनचे सरासरी उत्पन्न हेक्टरी एक टनाच्या आसपास रेंगाळते आणि अमेरिका वा ब्राझीलमध्ये ते तीन टनांच्या वर असते, त्या देशात हा तिसरा हिस्सा गमावणे ही किरकोळ बाब नाही.

तिफण, डवरा आणि निंदण

सोयाबीन महाराष्ट्रात येण्याच्या कितीतरी आधी काळ्या रानातील तणांशी सामना करण्याची एक पूर्ण पद्धत येथे तयार झाली होती, आणि तिचा पाया ओळीतील पेरणी हा होता. तिफण, म्हणजे तीन फणांचे बैलांनी ओढायचे पेरणीयंत्र, बी समान अंतरावरच्या सरळ ओळींत टाकते, आणि बी ओळीत पडल्यामुळेच पुढे दोन ओळींच्या मधून बैलांचे कोळपे, विदर्भातील बोलीत डवरा, फिरवता येते. कोळप्याची आडवी पास मातीच्या वरच्या थराखालून जाऊन कोवळ्या तणाची मुळे कापते, माती भुसभुशीत करते आणि भेगा बुजवून ओल टिकवते. पिकाच्या ओळीतले, रोपाला लगटून उगवलेले तण मात्र कोळप्याच्या आवाक्याबाहेर राहते आणि ते खुरप्याने, हातानेच काढावे लागते. या कामाला विदर्भात निंदण, मराठवाड्यात खुरपणी आणि कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण म्हणतात, आणि ते काम जवळजवळ सर्वत्र बायांनी केले आहे. बैल आणि औत पुरुषांकडे, खुरपे बायांकडे ही विभागणी इतकी स्थिर होती की शेतीच्या जमाखर्चातही औताची आणि निंदणाची मजुरी वेगवेगळी मांडली जाई, आणि दुसरी पहिलीपेक्षा नेहमीच कमी असे.

या पद्धतीची पारख बाहेरच्या जाणकारांनीही केली होती. ब्रिटिश सरकारने पाठविलेले कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ ते १८९१ या काळात भारतभर फिरून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात भारतीय शेतकरी अडाणी आहे हा त्या काळातील सरकारी समज खोडून काढताना रान तणमुक्त राखण्यातील त्याच्या काटेकोरपणाची त्यांनी मुक्तपणे वाखाणणी केली. त्या काटेकोरपणामागे स्वस्त आणि मुबलक श्रम होते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय त्या काळातील पीकपद्धती स्वतःच तणाला आवर घालणारी होती: ज्वारी उंच वाढून सावली धरी, तिच्याबरोबर पेरलेली तूर, मूग किंवा उडीद मधली जागा भरून काढी, आणि ठरावीक वर्षांनी पिकांचा फेरपालट होत असल्यामुळे एकाच प्रकारच्या तणाला सलग अनुकूल काळ मिळत नसे.

खोल मुळांची तणे आणि लोखंडाचा नांगर

डवरा आणि खुरपे यांना न जुमानणारी तणे मात्र होतीच. कुंदा आणि हरळी ही बहुवर्षायू गवते, म्हणजे बियांवर अवलंबून न राहता जमिनीखालच्या खोडांपासून वर्षानुवर्षे फुटत राहणारी गवते, काळ्या जमिनीत इतकी खोल रुजत की लाकडी नांगर त्यांना पोहोचत नसे, आणि अशी राने कधी कधी पडीक टाकण्यावाचून गत्यंतर नसे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकऱ्यांनी तो सुरुवातीला नाकारला. पुढे तो दक्खनच्या पठारावर पसरला, त्याला खोल नांगरट करून तळातील मुळ्या उन्हात उघड्या पाडण्याची त्याची क्षमता हे एक सबळ कारण होते. उन्हाळी नांगरट करून मुळ्या वेचून काढणे आणि मग पावसाच्या तोंडावर वखराच्या पाळ्या देऊन पहिले उगवलेले तण मोडणे, ही जोडी आजही सोयाबीनच्या पूर्वमशागतीचा आधार आहे.

मध्य भारतात हा प्रश्न आणखी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, कारण तेथे कास या उंच गवताने लाखो एकर जमीन व्यापली होती. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईत केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारून, युद्धानंतर उरलेली अमेरिकी लष्करी यंत्रे घेऊन, कासाची जमीन फोडायला सुरुवात केली, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचे, या कामासाठीच्या यंत्रांकरिता होते. नव्या राष्ट्राने परदेशी कर्ज काढून ज्या शत्रूंशी सामना केला त्यांत एक गवत होते, ही गोष्ट तणाच्या आर्थिक वजनाची साक्ष देते. याच माळव्यातील काळ्या जमिनीत शेतकरी खरीप हंगामात रान पडीक ठेवून पुन्हा पुन्हा वखरत आणि पावसाची ओल रब्बीच्या गहू-हरभऱ्यासाठी साठवत, कारण सततच्या पावसात चिकट झालेल्या जमिनीत पीक घेणे आणि त्यातले तण आवरणे दोन्ही अवघड होते. पुढे सोयाबीन नेमक्या याच पडीक खरिपात शिरले.

सोयाबीनचे आगमन

हिमालयाच्या पायथ्याशी काळे सोयाबीन जुन्या काळापासून घेतले जात असले, तरी महाराष्ट्राशी त्याचा परिचय आधी पोषणाच्या प्रश्नातून झाला. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या देखरेखीखाली सोयाबीनचा आहारात वापर करून पाहिला गेला, आणि त्याच दशकात बडोदा संस्थानच्या सेवेतील एफ. एस. काळे यांनी सोयाबीनचे आहारमूल्य, लागवड आणि उपयोग यांवर विस्तृत इंग्रजी ग्रंथ लिहिला. तथापि शेतीचे पीक म्हणून त्याचा प्रसार व्हायला आणखी तीन दशके लागली. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनच्या वाणांचे प्रयोग केले, १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित सोयाबीन संशोधन प्रकल्प सुरू झाला, १९८७ मध्ये इंदूर येथे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि १९९४ मध्ये जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण प्रसारित झाला, ज्याने पुढील दोन दशके मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील रानांवर राज्य केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे 'एमएसीएस' मालिकेतील वाण, परभणी विद्यापीठाचे 'एमएयूएस' मालिकेतील वाण आणि सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज केंद्राचा फुले संगम हे त्यानंतरच्या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे होत.

नागपूर-वर्ध्याकडून सुरू झालेला हा प्रसार १९९० नंतर यवतमाळ, अमरावती, वाशीम, हिंगोली, नांदेड आणि लातूरपर्यंत पोहोचला, आणि आज राज्यातील सोयाबीनचे क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे. या प्रसाराने ज्वारी, मूग, उडीद आणि काही प्रमाणात कापूस यांची जागा घेतली; शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास हा निर्णय समंजस होता, कारण पीक शंभर दिवसांत हाती येते, दिवाळीपूर्वी रोख पैसा मिळतो आणि त्यामागून हरभरा घेता येतो. परंतु तणाच्या बाजूने पाहिल्यास उंच आणि मिश्र पिकांचे रान जाऊन तेथे सलग, बुटके आणि सुरुवातीला मंद वाढणारे एकच पीक आले, आणि तेही सलग मोठ्या पट्ट्यांत, वर्षामागून वर्ष. केना, दुधी, कुर्डू, तरोटा, माठ, शिप्पी आणि लव्हाळा ही तणे या बदलात टिकली आणि फोफावली.

त्यातील केना विशेष शिकवण देणारे तण आहे. ते बियांनी वाढतेच, शिवाय त्याला जमिनीखालीही फुले येऊन बी धरते, आणि कोळपणीत तुटलेले त्याचे कांडे ओल्या मातीवर पडले तर पेरावर मुळे फोडून पुन्हा उभे राहते; म्हणून ढगाळ दिवसांत केलेली कोळपणी कधी कधी केना मारण्याऐवजी पसरवते. लव्हाळ्याचे बळ जमिनीखालील गाठींच्या साखळीत असते, आणि होल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातील सर्वांत घातक तणांची जी प्रसिद्ध क्रमवारी केली, तिच्यात त्याला पहिला क्रमांक दिला आहे. या देशी मंडळीत एक परदेशी भरही पडली: पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यात प्रथम ठळकपणे नोंदले गेलेले गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, काही दशकांत पडीक जमिनी, बांध आणि रस्त्यांच्या कडा व्यापून शेतांत शिरले. त्यातून स्रवणारे रासायनिक द्रव्य शेजारच्या वनस्पतींची उगवण दाबते, म्हणजे येथे स्पर्धेला विषाचीही जोड मिळते; त्याच्या बंदोबस्तासाठी १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आलेला मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, आज महाराष्ट्रातही पावसाळ्यात त्याची पाने खाताना दिसतो.

वाफसा, मजुरी आणि तणनाशक

काळ्या जमिनीत कोळपणी करायची तर वाफसा लागतो, म्हणजे जमीन इतकी ओली नसावी की औताला चिकटेल आणि इतकी कोरडीही नसावी की ढेकळे निघतील, अशी मधली स्थिती. निर्णायक काळ जुलैमध्ये येतो आणि जुलैमध्येच झडी लागते. पंधरा दिवस वाफसा आला नाही की डवरा गोठ्यात राहतो, तण पिकाच्या वर जाते, आणि उघाड पडताच गावातील प्रत्येक शेतकऱ्याला एकाच आठवड्यात मजूर हवे असतात. जुन्या पद्धतीत ही अडचण परस्परांच्या श्रमाने, इर्जिकीने, आणि कमी मजुरीत राबणाऱ्या बायांनी झेलली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यातील मजुराला पर्याय दिला, शहरांकडील स्थलांतर वाढले, बैलांची संख्या घटली, आणि कमी मजुरीवर उभी असलेली निंदणाची व्यवस्था खिळखिळी झाली. ती तशी होणे मजुरी करणाऱ्या बायांच्या दृष्टीने न्यायाचे होते. मात्र त्यामुळे सोयाबीनच्या अर्थशास्त्रातील पोकळी उघडी पडली.

ही पोकळी तणनाशकांनी भरली. १९४० च्या दशकात शोधले गेलेले २,४-डी हे पहिले महत्त्वाचे आधुनिक तणनाशक गवतवर्गीय पिकांतील रुंद पानांची तणे मारते, म्हणून ते ज्वारी वा गव्हात चालते, परंतु सोयाबीन स्वतःच रुंद पानांचे असल्याने त्यात ते वापरता येत नाही. त्यामुळे सोयाबीनला स्वतंत्र औषधांची वाट पाहावी लागली. पेरणीनंतर पण उगवणीपूर्वी जमिनीवर फवारायचे पेंडीमेथॅलिन आधी आले, आणि नंतर उगवलेल्या पिकात तण दोन ते चार पानांवर असताना फवारता येणाऱ्या इमॅझेथापायरने आणि गवतवर्गीय तणांवरील क्विझालोफॉपने चित्र पालटले. इमॅझेथापायर हेक्टरी केवळ १०० ग्रॅम सक्रिय घटकाच्या मात्रेत काम करते, दोन माणसे एका दिवसात अनेक एकर फवारू शकतात आणि त्यासाठी औत चालण्याइतका वाफसा लागत नाही. ज्या दिवसांत डवरा चालत नाही त्या दिवसांत पंप चालतो, हे त्याच्या प्रसाराचे सर्वांत मोठे कारण होय. त्याचबरोबर निंदणाचे दिवस घटले आणि खेड्यातील भूमिहीन बायांच्या पावसाळी मिळकतीचा एक आधार आकसला, ही या बदलाची सामाजिक बाजू कृषी शिफारशींत क्वचितच नोंदली जाते.

रसायनांनीही तण संपविले नाही, तर त्याची निवड केली. एकाच गटाचे औषध दरवर्षी वापरले की त्याला न जुमानणारी रोपे उरतात आणि त्यांचेच बी पुढच्या वर्षी उगवते. हरयाणातील गव्हात आयसोप्रोट्युरॉन या औषधाला दाद न देणारे गुल्लीदंडा हे तण १९९० च्या दशकात उघडकीस आले, तेव्हा भारताला हा धडा मिळाला. अमेरिकेत १९९६ पासून ग्लायफोसेट सहन करणारे जनुकीय बदलाचे सोयाबीन आले आणि दहा वर्षांच्या आत तेथील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात माठाच्याच कुळातील एक तण त्या औषधाला न मरणारे निघाले. भारतात जनुकीय बदलाच्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. तथापि तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या अनधिकृत बियाण्यावरून जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने जे जाहीर पेरणी आंदोलन केले, त्यामागे निंदणाच्या खर्चाचा ताणच होता. शिवाय इमॅझेथापायर काही काळ जमिनीत टिकत असल्याने त्याच्या अवशेषाला संवेदनशील असलेले पुढचे पीक धोक्यात येऊ शकते, म्हणजे खरिपात वाचविलेली मजुरी कधी कधी रब्बीत वसूल होते.

जुबैलचा किनारा आणि खताची गोणी

जुबैल हे पर्शियन आखातावरील मासेमारीचे आणि मोत्यांच्या व्यापाराचे छोटे गाव होते. सप्टेंबर १९३३ मध्ये तेलाच्या शोधात आलेले अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ सौदी भूमीवर प्रथम येथेच उतरले, आणि १९७५ मध्ये जुबैल व यानबू यांच्यासाठी शाही आयोग नेमला गेल्यावर या गावाचे रूपांतर जगातील मोठ्या औद्योगिक नगरांपैकी एकात झाले. तेलाबरोबर निघणारा आणि एरवी जाळून टाकला जाणारा वायू वापरून अमोनिया आणि युरिया बनविणे हा त्या योजनेचा एक भाग होता. जुबैलच्या उत्तरेला रास अल-खैर येथे नंतर फॉस्फेटचे संकुल उभे राहिले, जेथे देशाच्या उत्तरेकडील अल-जलामिद खाणीतील फॉस्फेट रेल्वेने आणले जाते आणि २०११ पासून डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे डीएपी, तयार होते. भारताची डीएपीची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागते आणि तीत सौदी अरेबियाचा वाटा मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये भारतीय खत कंपन्यांनी तेथील मादेन कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार केला.

ज्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सिंचनाशिवाय पीकही नाही व तणही नाही, तेथून निघालेले खत विदर्भ-मराठवाड्याच्या पावसाळी रानात आले की ते पीक आणि तण या दोघांच्याही मुळांशी पोहोचते. सोयाबीनला मुळांवरील गाठींतील जिवाणूंमुळे हवेतील नत्र वापरता येते, म्हणून त्याची मुख्य मागणी स्फुरदाची असते. शिफारस हेक्टरी साधारण ३० किलो नत्र आणि ६० ते ७५ किलो स्फुरद अशी आहे, आणि ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत २३ किलो स्फुरद असल्याने ती गरज अडीच ते सव्वातीन गोण्यांत भागते. हे खत तिफणीने बियाण्याजवळ आणि त्याच्या खाली पेरले तर पिकाच्या मुळांना आधी मिळते. हाताने रानभर फोकले तर दोन ओळींतील माठ, चिमणचारा आणि केना यांना ते आयतेच पोहोचते, आणि नत्राची स्वतःची सोय असलेल्या पिकाशेजारी नत्रावर झडप घालणारे तण जोमाने वाढते. वाढलेल्या तणाची सावली पडली की सोयाबीनच्या पानांत साखर कमी तयार होते, साखरेवर जगणारे गाठींतील जिवाणू उपाशी राहतात आणि पिकाचा नत्राचा घरचा पुरवठाही मंदावतो. अशा रीतीने समुद्रापलीकडून आयात केलेल्या आणि सरकारी अनुदानावर स्वस्त केलेल्या खताचा एक हिस्सा तणाच्या अंगी लागतो, आणि तणनियंत्रण हा केवळ एका शेतकऱ्याचा नव्हे, तर देशाच्या आयातखर्चाचाही प्रश्न ठरतो.

इतिहासातून निघणारा निष्कर्ष

गेल्या सव्वाशे वर्षांतील साधने क्रमाने मांडली तर एक सूत्र हाती येते. खुरप्याने निवड केली ती पिकासारखे दिसणाऱ्या आणि उशिरा उगवणाऱ्या तणांची, कोळप्याने कांड्यावर रुजणाऱ्या केन्याची, लाकडी नांगराने कुंद्याची, आणि तणनाशकाने त्या औषधाला दाद न देणाऱ्या रोपांची; म्हणजे एकाच साधनावर विसंबलेल्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीसाठी तिला योग्य असे तण मागे ठेवले. कृषी विद्यापीठे आज जे सांगतात, ते या अनुभवाशी जुळणारे आहे: उन्हाळी नांगरट, पहिले तण मोडून मग पेरणी, रुंद वरंबा-सरी पद्धतीने पाण्याचा निचरा, रान लवकर झाकणारे वाण, तुरीसारखे आंतरपीक, पेरणीनंतर १५ ते ३० दिवसांत एक-दोन कोळपण्या, आणि गरज पडेल तेथे गट बदलून तणनाशक. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे आणि कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विना-नांगरणीच्या शेतीचा जो पुरस्कार केला, त्याने यात आणखी एका विचाराची भर घातली, तो असा की योग्य वेळी दाबलेल्या तणाची मुळे जमिनीत कुजून सेंद्रिय कर्ब वाढवतात आणि म्हणून तणाला केवळ शत्रू न मानता ते कधी मारायचे, हे ठरविणे महत्त्वाचे आहे. दोन्ही प्रवाहांत मशागतीविषयी मतभेद असले, तरी पहिल्या पंचेचाळीस दिवसांत पिकाला उघडा प्रकाश मिळाला पाहिजे, याविषयी मतभेद नाही.

या काळाची किंमत मात्र प्रत्येक युगात कोणीतरी मोजली आहे: आधी कमी मजुरीत राबलेल्या बायांनी, मग बैलजोडी सांभाळणाऱ्या लहान शेतकऱ्याने, आणि आता औषधाच्या खर्चातून, जमिनीतील अवशेषांतून आणि निंदणाच्या बुडालेल्या रोजगारातून साऱ्या गावाने. सोयाबीनच्या उत्पन्नाची चर्चा वाण, खत आणि हमीभाव यांपाशी थांबते तोवर ही किंमत हिशेबाबाहेर राहते. झडीतही चालणारी लहान यंत्रे, गावपातळीवर भाड्याने मिळणारी कोळपणीची अवजारे, निंदणाला न्याय्य मजुरी देणारी सार्वजनिक व्यवस्था आणि तणांच्या बदलत्या जातींची तालुकावार नोंद यांवर होणारा खर्च हा म्हणून शेतकऱ्यावरचा उपकार ठरत नाही. तो खत, बियाणे आणि पाऊस या तिन्हींवर आधीच झालेला खर्च वाया जाऊ न देण्याचा उपाय आहे. रानातील जवळजवळ एकतृतीयांश पीक ज्या दीड महिन्यात ठरते, त्या दीड महिन्याला शेतीच्या धोरणात स्वतंत्र आणि मानाचे स्थान मिळाले पाहिजे, हाच काळ्या रानातील तणाच्या या दीर्घ इतिहासाचा ठाम निर्वाळा आहे.